मास्तर ऐकायला शिकतात

बुधवार, १५ जानेवारी

आजपासून डायरी. हौस म्हणून नाही, गृहपाठ म्हणून. एकसष्टाव्या वर्षी गृहपाठ! समुपदेशन केंद्रातल्या ताईंनी आम्हा शिकाऊ मंडळींना बजावलंय, की घरी गेल्यावर चार ओळी लिहायच्या, खऱ्या लिहायच्या आणि कुणाला दाखवायच्या नाहीत. कुणाला दाखवायच्याच नसतील तर माणूस खोटं लिहील कशाला, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, "तेच तर बघायचंय, मास्तर."

मला सगळे मास्तरच म्हणतात. एकतीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. रस्त्यावरची निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलीत. उरलेली निम्मी, जी सिग्नलला आडवी घुसतात, ती इतर मास्तरांची.

केंद्र कुलपांच्या दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या. एकीत लोक ताईंशी समोरासमोर बोलायला येतात, दुसरीत हेल्पलाइनचे दोन फोन, चार ते आठ. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स, इंटरसेक्स, ज्यांना घरात मन मोकळं करता येत नाही, झोप लागत नाही, जीव नकोसा होतो, त्यांनी फोन करायचा आणि आपण ऐकायचं. त्या फोनवर बसायला माणसं लागतात, म्हणून हा दीड महिन्याचा वर्ग. ताईंनी सगळ्या शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून दिले. वाहतुकीची सगळी चिन्हं ज्याला तोंडपाठ, त्याला हे म्हणजे डाव्या हातचा मळ.

मग प्रत्येकाला विचारलं, का आलात. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "माझा मुलगा समलिंगी आहे, मला त्याचा अभिमान आहे, आणि तो तीन महिने माझ्याशी बोललेला नाही." टाळ्या पडतील असं वाटलं होतं. नाही पडल्या. शेजारी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणारी एक मुलगी बसली होती, ती म्हणाली, "का नाही बोलला?"

ते कळलं असतं तर कुलपाच्या दुकानाचा एवढा जिना कशाला चढलो असतो?

शनिवार, १८ जानेवारी

ताई म्हणतात, नक्की काय झालं ते लिहा. लिहितो की. लपवण्यासारखं काही नाही, उलट मिरवण्यासारखंच आहे.

ऑक्टोबरातला रविवार, दुपारची वेळ. सौ. बहिणीकडे गेली होती. चिरंजीव, वय एकोणतीस, विमा कंपनीत नोकरी, तेव्हा आमच्यातच राहत होते, समोर येऊन बसले. पाण्याचा पेला हातात घेऊन दहा मिनिटं नुसता फिरवत होता. मग म्हणाला, बाबा, एक सांगायचंय. आणि सांगितलं. मी सरळ उठलो आणि त्याला मिठी मारली. म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच? मला वाटलं नोकरी गेली." हसला बिचारा. रडलाही. आणि मला सांगितलं बरं का! सौ.च्याही आधी. आख्ख्या जगात पहिला नंबर आमचा. उठताना म्हणाला, "आईला मी सांगेन. सध्या तुझ्यापाशीच राहू दे, बाबा." लाजाळू आहे, आईवर गेलाय.

आता पोरगं असं चोरासारखं जगणार आणि बाप हातावर हात ठेवून बसणार? लोकांनी मागून कुजबुजण्याआधी आपणच पुढून सांगून मोकळं व्हावं. त्याच संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं: "आमचे चिरंजीव समलिंगी आहेत. आम्हां उभयतांना त्यांचा सार्थ अभिमान आहे!! कोणास काही शंका असल्यास थेट मला भेटावे, त्यांना त्रास देऊ नये." एकोणचाळीस अंगठे आले. दोघांनी फुलं टाकली. तळमजल्यावरच्या आजोबांनी चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, ते त्यांच्या सुनेने पुसायला लावलं. मंगळवारी त्याच्या ऑफिसातल्या एक बाई माझ्याकडे शिकायला आल्या होत्या. त्यांना चढावर हाफ क्लच शिकवता शिकवता हीच बातमी सांगितली आणि म्हटलं, तिकडे आमच्या पोराकडे जरा लक्ष असू द्या.

कुठला बाप एवढं करतो?

आणि चिरंजीवांनी काय केलं? त्याच आठवड्यात बॅग भरली. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहतो. आईला रोज फोन. मी उचलला की कट. सौ.ला कारण विचारलं तर म्हणते, "तुमचं तुम्ही शोधा." करायला जावं भलं आणि वर ही शिक्षा! म्हणूनच वर्गाला नाव घातलं. हेल्पलाइनवर त्याचा बाप बसलाय हे कानावर गेलं, की येईल धावत.

बुधवार, २२ जानेवारी

आज पहिला सराव. इथे त्याला 'पाठीला पाठ' म्हणतात. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या, म्हणजे फोनसारखंच, तोंड दिसत नाही. एकाने फोन करणारा व्हायचं, खोटंखोटं दुःख सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ताई हातात स्टॉपवॉच घेऊन उभ्या. ऐकणारा किती वेळ बोलला ते मोजतात.

मला जोडीदार लॅबवाली मिळाली. ती ट्रान्स आहे. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "म्हणजे तुम्ही चहा पिताना माझ्याकडे टक लावून बघत बसणार नाही." मला तिचा स्वभाव आवडला. ती एकोणीस वर्षांचा हॉस्टेलमधला मुलगा झाली. म्हणाली, मला मुलं आवडतात, खोलीतल्या मित्रांना कळलं तर काय होईल या भीतीने जेवण जात नाही. मी त्या मुलाला झकास मार्ग दाखवला. पहाटे उठ, जोर-बैठका काढ, वॉर्डनला विश्वासात घे, चांगले मित्र जोड, पोहायला जा, आणि अठरा पूर्ण झालीच आहेत तर गाडी शीक, आत्मविश्वास वाढतो.

दहा मिनिटांनी ताईंनी घड्याळ दाबलं. "मास्तर, तुम्ही साडेआठ मिनिटं बोललात."

"मुद्देसूद बोललो की!"

लॅबवाली खुर्ची वळवून म्हणाली, "काका, मी रोज साठ-सत्तर लोकांना सुया टोचते. त्यांना कसं वाटत असेल ते आज कळलं."

सगळे खो खो हसले. मीही हसलो, काय करणार. मग ताईंनी नियम सांगितले. सल्ला द्यायचा नाही. एका वेळी एकच प्रश्न. समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प. मी विचारलं, किती वेळ? म्हणाल्या, तो बोलेपर्यंत. हे कसं जमायचं? आमच्या गाडीत शिकणारा गप्प झाला की समजायचं घाबरला, आणि आपला पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर. एकतीस वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकने किती तरी जीव वाचवलेत. ताईंना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "इथे तुमच्या बाजूला ब्रेक नाही, मास्तर."

बाई चाळिशीचीही नसेल, पण बोलते मुद्द्याचं. जरा लागलं मला.

बुधवार, २९ जानेवारी

साडेसात मिनिटं. प्रगती आहे.

शनिवार, १ फेब्रुवारी

घरी सराव केला. सौ. दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. समोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "तू बोल. मी ऐकतो."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. "डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुम्हाला?"

"छे! सराव करतोय."

"मग मोरीतला नळ गळतोय, ते ऐका."

"वॉशर गेला असेल. मी त्या प्लंबरला—"

"झालं ऐकून?"

पुन्हा सुरुवात केली. यावेळी दात दातांवर दाबून बसलो. ती घड्या घालत राहिली. चादर झाली, दोन टॉवेल झाले. मला वाटलं आता माझाच स्फोट होतो. आणि तेवढ्यात ती म्हणाली, "त्याला झोप लागत नाही."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? गोळ्या चालू आहेत. आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी बोलायलाही जातो, तिथे जरा बरं वाटतं म्हणाला. पण ऑफिसात पाऊल टाकलं की सगळे एकदम गप्प होतात म्हणे. कुणी काही वाईट बोलत नाही. नुसते बघतात. परवा जिन्यात बसून होता अर्धा तास, वर जाववेना."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, असल्या ऑफिसात मी स्वतः जाऊन एकेकाला सरळ करतो. ती उठली, कपड्यांचा ढीग उचलला आणि आत गेली. तिकडून ओरडली, "नळाचं बघा आधी!"

पोरगं तिकडे गोळ्या खाऊन झोपतंय आणि मला पत्ता नाही. ऑफिसात हा बभ्रा केला कुणी? कोण नालायक आहे तो शोधलाच पाहिजे. आपल्याकडे शिकणाऱ्या त्या बाईंना माहीत असेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाईंना विचारलं. गाडी वळणावर होती. म्हटलं, "मॅडम, आमच्या मुलाचं तुमच्या ऑफिसात कुणी पसरवलं?"

त्यांनी स्टिअरिंगच सोडलं. मी ब्रेक मारेपर्यंत गाडी कचऱ्याच्या पेटीवर. त्या लालेलाल. म्हणाल्या, "सर, असं काय विचारता? तुम्हीच म्हणालात ना, लक्ष असू द्या. एकटीने कसं लक्ष ठेवणार? म्हणून मी आमच्या विभागात चौघांना सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं हो."

मी म्हटलं, हो, चांगल्याच मनाने. बंपर वाकलाय. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

वर्गाला गेलो नाही. डोकं दुखतंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजही दांडी मारणार होतो. सौ.ने चपला समोर आणून ठेवल्या.

आज 'उलटी खुर्ची' होती. पद्धत तीच, पाठीला पाठ, पण फोन करणारा मनाने रचायचा नाही. ज्या माणसाचा फोन यावा असं आपल्याला सगळ्यात जास्त वाटतं, तो माणूस आपण व्हायचं. त्याच्या तोंडाने बोलायचं. 'मी' म्हणायचं. ऐकायला लॅबवाली.

मी म्हटलं, हे सोपं आहे, चिरंजीवांना मी जन्मापासून ओळखतो. घसा खाकरला. "हॅलो. मी एकोणतीस वर्षांचा आहे. माझे बाबा फार चांगले आहेत."

मागे हसू दाबल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं. सांगा."

"मी समलिंगी आहे. मी त्यांना सांगितलं. त्यांनी मला मिठी मारली."

"कसं वाटलं तेव्हा?"

"हलकं वाटलं." हे मी अजिबात विचार न करता बोललो. "इतकं हलकं वाटलं, की रडू आलं."

"मग?"

"मग मी म्हणालो, आईला मी सांगेन. सध्या तुझ्यापाशीच राहू दे."

"मग?"

"मग बाबांनी..."

इथे गाडी बंद पडली. पुढचं वाक्य मला पाठ होतं. मग बाबांनी मला पाठिंबा दिला. चार महिने येईल त्याला तेच सांगतोय. पण खुर्चीत चिरंजीव बसला होता, आणि त्याच्या तोंडातून ते वाक्य निघेना. खालच्या दुकानात किल्ली घासायचं मशीन चालू होतं. मला वाटलं कुणीतरी ब्रेक मारावा.

"मग बाबांनी ग्रुपवर टाकलं," मी म्हटलं.

"तुम्हाला विचारून?"

"नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

ते मला माहीतच नव्हतं! त्याला कसं कळलं, कुणी दाखवलं, तेव्हा तो कुठे होता, घरात की रस्त्यात, एकटा की चार लोकांत, यातलं मी एकदाही विचारलं नव्हतं. म्हटलं, "माहीत नाही."

"आईला तुम्ही सांगितलंत?"

"नाही. तिने ग्रुपवर वाचलं असेल."

"आणि ऑफिसात?"

"तेही बाबांनीच."

"म्हणजे तुम्ही स्वतः किती जणांना सांगितलंत?"

"एकाला," मी म्हटलं. "बाबांना."

आणि मला हुंदकाच फुटला. एकसष्ट वर्षांचा माणूस, मिशा आहेत चांगल्या, आणि आठ जणांसमोर लहान पोरासारखा रडलो. ताईंनी घड्याळ थांबवलं नाही. लॅबवाली एक शब्द बोलली नाही, 'काका रडू नका' सुद्धा नाही. फक्त तिची खुर्ची जराशी मागे रेलली आणि माझ्या पाठीला टेकली.

शेवटी ताई म्हणाल्या, "ऐकणारी बावन्न सेकंद बोलली."

जिना उतरताना मी तिला विचारलं, एवढं कुठे शिकलीस? ती म्हणाली, "माझ्या वेळी माझ्या मामाने सांगितलं, काका. भर लग्नघरात, माइकवर. म्हणे, आजपासून हिला भाची म्हणायचं. तोही चांगलाच होता हो." मग तिने मला रिक्षात बसवलं आणि म्हणाली, "डायरीत सगळं लिहा. शूर आहात तुम्ही." मी कसला शूर? उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यात कसलं शौर्य?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सौ.ला विचारलं, "तुला कसं कळलं होतं?"

ती नखं कापत होती. वर न बघता म्हणाली, "लिफ्टमध्ये. सेक्रेटरींच्या बायकोने अभिनंदन केलं. मला वाटलं बढती मिळाली त्याला. मी म्हटलं, हो, फार मेहनत घेतली त्याने. वर येऊन ग्रुप उघडला, तेव्हा कळलं."

मला हसू आलं, आणि हसण्याची लाजही वाटली. ती मात्र हसली. मग नेलकटर बाजूला ठेवून म्हणाली, "अहो, मला तो कॉलेजात होता तेव्हापासून माहीत होतं. आठ वर्षं वाट बघत होते, कधी माझ्याजवळ येऊन बसतो आणि सांगतो. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आणि शेवटी कळलं कसं, तर तुमच्याकडून, दोन उद्गारचिन्हांसकट."

"काय ठरवलं होतंस बोलायचं?"

"ते आता तुम्हाला कशाला सांगू?"

बरोबर आहे. मी गप्प बसलो. सरावाचं गप्प नव्हे, खरंच काही सुचेना.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी एक नामी युक्ती सुचली. चूक जाहीर केली तर माफीही जाहीरच हवी. चहाच्या आधीच मजकूर तयार केला: "दि. १३ ऑक्टोबरच्या माझ्या संदेशाबद्दल मी चिरंजीवांची सर्वांसमक्ष बिनशर्त माफी मागतो..." पाठवणार एवढ्यात सौ.ने मागून वाचलं आणि फोन हिसकावून घेतला.

"परत ग्रुप?"

"अगं पण माफी—"

"पालथ्या घड्यावर पाणी! त्याचं नाव त्या ग्रुपवर पुन्हा दिसलं ना, तर मी तुम्हाला त्या ग्रुपमधून आणि घरातून, दोन्हीकडून काढीन."

फोन तिने पिठाच्या डब्यामागे ठेवला, दुपारी दिला. मग चिरंजीवांना पत्र लिहायला बसलो. पाच पानं झाली. त्यात माझे वडील कसे कडक होते, मी कसा नाही, ड्रायव्हिंग स्कूलची स्थापना कशी झाली, सगळं ओघात आलं. लॅबवालीला फोन करून वाचून दाखवायला लागलो, तर दुसऱ्या पानावर म्हणाली, "काका, यात तो कुठंय?"

पाचही पानं फाडली. संध्याकाळी फोनवरून एवढंच पाठवलं: "ती बातमी तुझी होती. तू एकाला सांगितलीस, मी गावाला वाटली. माझं चुकलं. तुला वाटेल तेव्हा बोल, नाही वाटलं तर नको."

उद्गारचिन्ह घातलं नाही. त्याने वाचलं, तसं दिसतंय. उत्तर नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

उत्तर नाही. दर अर्ध्या तासाने फोन बघतो. सौ. म्हणते, सारखं बघून फोन लवकर वाजत नसतो.

लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. डोळे मिचकावून म्हणाले, "काय मास्तर, चिरंजीवांचं कुठे जमलं की नाही मग?" जिभेच्या टोकावर मोठं भाषण आलं होतं, की आमच्या पोराला काय हवं नको ते, त्याची तब्येत, ऑफिसातले ते गाढव. गिळलं सगळं. म्हटलं, "टाकी धुणार होते, कधी धुणार?" तिसऱ्या मजल्यापर्यंत ते टाकीवर बोलले. घरी येऊन सौ.ला सांगितलं, तर तिने माझ्या पाठीवर थाप मारली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, अशी थाप पहिल्यांदाच मिळाली.

शनिवार, १ मार्च

परीक्षा झाली. नापास.

फोन करणारी बाई म्हणून ताईच बसल्या होत्या. दहातली तीनच मिनिटं बोललो, माझ्या हिशेबाने कमालच. पण शेवटी त्या म्हणाल्या, घरी सांगू की नको कळत नाही, आणि माझ्या तोंडून निसटलं, "बापाला तर मुळीच सांगू नका!" ताईंनी घड्याळ खाली ठेवलं आणि पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "हाही सल्लाच, मास्तर. पुढच्या तुकडीला पुन्हा या."

एकतीस वर्षं लोकांना सांगत आलोय, पहिल्या परीक्षेत नापास होणं लाजिरवाणं नाही. आता तेच स्वतःला सांगायची वेळ आली. लॅबवाली पास झाली. सोमवारपासून ती फोनवर बसणार. मला म्हणाली, "काका, नाव घाला पुन्हा. तुमच्यासारखं रडणारं कुणी मिळणार नाही."

नाव घातलं. पण खरं लिहायचं तर आता मला त्या फोनवर बसण्याचं एवढं अप्रूप राहिलेलं नाही. मला एकाच माणसाचं ऐकायचंय, आणि तो काही हेल्पलाइनला फोन करून बापाला मागणार नाही. दोन आठवडे झाले. कदाचित तो कधीच बोलणार नाही. असं होऊ शकतं, हे आज पहिल्यांदा लिहिलं.

रविवार, ९ मार्च

सकाळी फोन वाजला. माझा. त्याचं नाव.

उचलायच्या घाईत पहिल्यांदा चुकून मीच कट केला! सौ. कपाळावर हात मारून घेणार तोच पुन्हा वाजला. तो म्हणाला, "अकरा वाजता मोकळा आहेस?" मी म्हटलं, "हो." एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "तुझ्या मैदानावर येतो."

मैदान म्हणजे जिथे मी नवख्यांना आठचा आकडा काढायला शिकवतो ते. रविवारी तिथे कुणी नसतं. तो आला. वाळलाय. दाढी वाढवलीय, बरी दिसते, पण मी काही बोललो नाही. गाडीत येऊन शेजारी बसला. गाडी चालू केली नाही, काचा खाली केल्या.

मी एकच विचारलं. "तुला कसं कळलं होतं रे?"

तो बराच वेळ समोर बघत राहिला. मी घड्याळ बघितलं नाही. मग बोलायला लागला. ते सांगून झालं आणि तो थांबला नाही, पुढचं बोलला, मग त्याच्याही मागचं, शाळेतलं, काय काय. दोनदा मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा त्याने ते बघितलं आणि बोलता बोलता फिस्सकन हसला. "किती त्रास होतोय तुला, बाबा!" मी मान हलवली. खरंच होत होता. एकदा तो चिडला, आवाज चढवला, मला जे ऐकवायला हवं होतं ते ऐकवलं. मी ऐकलं. मला त्याला जवळ घ्यायचं होतं, पण आधी विचारलं. तो म्हणाला, "थांब जरा." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आता घे."

घरी आलो तेव्हा पावणेदोन वाजले होते. तो खाली स्कूटर लावत होता. सौ. दारातच उभी. "काय म्हणाला? लवकर सांगा."

मी म्हटलं, "येतोय वर. त्यालाच विचार. सांगेल त्याला वाटलं तर."

तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाहीये," म्हणाली, आणि डोळे पुसत ताटं घ्यायला आत पळाली. जेवणं झाल्यावर ती दोघं गॅलरीत जाऊन बसली. आतून दार लोटून घेतलं होतं. मी इकडे नळाचा वॉशर बदलला. कान तिकडे होते, पण पान्याचा आवाज मोठा करत राहिलो.

आता ताईंनी सांगितल्याप्रमाणे सगळं खरं लिहायला हवं. मैदानात तो काय काय बोलला, ते शब्दन् शब्द आठवतंय. तीन पानं सहज भरतील, आणि लिहायला हात शिवशिवतोय. पण लिहीत नाही. ते त्याचं आहे.